चाकांवरचा कमोड

आमच्या गाडीला सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या बिल्डिंगमधले लोक संडासगाडी म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर "भाभी, क्या कॅम्पर लिया है, मस्त!" आणि लिफ्टचं दार मिटलं की खिदळणं. लिफ्टचं दार पातळ असतं हे त्यांच्या लक्षात येत नसे. हसा म्हटलं. तुमच्या आयांचे गुडघे अजून शाबूत आहेत, म्हणून हसताय.

गाडी का घेतली ते आडपडदा न ठेवता सांगते. माझ्या आईला लघवी धरवत नाही. वय झालं, साखर जुनी, लागली की लागली, उसंत म्हणून नाही. त्यात गुडघे इतके गेलेले की उकिडवं बसणं संपलं. म्हणजे घरातल्या कमोडपासून जितकं लांब जाल तितका धोका. दापोलीकडच्या आमच्या गावात ती शेजारच्या लग्नालाही जायची बंद झाली होती. "गुडघे दुखतात" म्हणून सांगायची. गुडघे दुखत होतेच, पण न जाण्याचं कारण ते नव्हतं.

काही वर्षांपूर्वी ती व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आली होती. एकदा उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करायचा, काबा डोळ्यांनी बघायचा, एवढीच तिची इच्छा. माझ्या मुलीची परीक्षा होती, म्हणून मी तिला इथल्या कोकणी लोकांच्या बसने पाठवलं, ओळखीच्या बायकांबरोबर. तायफच्या अलीकडे तिला लागली. बस भरलेली, पुढे सगळे पुरुष, ड्रायव्हर परका, आणि माझ्या आईने जन्मात कधी तो शब्द चारचौघांत उच्चारलेला नाही. ती गप्प बसली. मग सीट ओली झाली.

मक्केला उमऱ्यासाठी जाणाऱ्याला वाटेत एका ठरलेल्या हद्दीवर थांबावं लागतं. तिला मीकात म्हणतात. तिथे अंघोळ करायची, एहरामात, म्हणजे यात्रेच्या बंधनात, यायचं, उमऱ्याच्या संकल्पाची नियत करायची. आई तिथे उतरली, कपडे धुतले, आणि नियत केलीच नाही. बायकांना म्हणाली, अंगात ताप आहे. पुढे मक्केत मुक्काम संपेपर्यंत हॉटेलच्या खोलीत पडून राहिली. खिडकीतून हरम, म्हणजे काब्याची मशीद, दिसत नव्हता, अजान मात्र ऐकू यायची. तशीच परत आली, गावी गेली. लोकांनी विचारलं, उमरा कसा झाला? "अल्लाचा शुकर," म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं.

हे तिने मला पुढच्या खेपेला सांगितलं. मेथी निवडत होती. मान वर केली नाही. मला इतका राग आला की हातातली सुरी मी सिंकमध्ये आदळली. राग त्या ड्रायव्हरचा, बरोबरच्या बायकांचा, आणि बाईने असलं बोलू नये असं तिला शिकवून गेलेल्या झाडून सगळ्यांचा.

"ह्या वेळी जायचं," मी म्हटलं.

"मना नको," ती म्हणाली. "घरात बसून दुवा मागीन. अल्लाला घर माहीत हाय माजा."

मोठ्या भावाने फोनवरून अक्कल पाजळली, विमानाने ने. हे त्याने दापोलीत पंख्याखाली बसून सांगितलं. आईने त्याला निरुत्तर केलं. विमानात मीकात आकाशातच येते, नियत हवेतच करावी लागते. "आणि वर गेल्यावर पट्टे बांधायला सांगतील, तेव्हा लागली तर? मी धुवू कुठे, ढगात?" उत्तर माझ्याकडे होतं. घरचा कमोड बरोबर न्यायचा.

कायमचा मायदेशी निघालेला एक गोरा इंजिनिअर त्याची गाडी विकत होता. पांढरी, उंच टपाची, आत एक पलंग, एक शेगडी, हात धुवायला इवलंसं बेसिन, आणि घडीच्या दारामागे खराखुरा बसायचा कमोड. कमोडच्या खाली ओढून काढायची टाकी, तिचं दार गाडीच्या बाहेरच्या अंगाला. मला बाकी काही बघायचं नव्हतं. मी त्या कमोडवर बसून पाहिलं, उठून पाहिलं, आईच्या हाताला येईल असा दांडा कुठे लावायचा ते ठरवलं. माझा नवरा बाहेर गोऱ्याशी टायरबद्दल बोलत उभा होता. तो रायगडकडचा, पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सला. वाद टाळण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. दोन दिवस विचार करू, म्हणाला. मी म्हटलं, विचार झालाय. गाडी माझ्या नावावर घेतली, कारण चालवणार मी होते.

बिल्डिंगच्या हारीसने, म्हणजे वॉचमनने, ती खाली लावू द्यायला नकार दिला. वास येतो, लोकांची तक्रार आहे, म्हणाला. तोवर त्या कमोडला कुणी हातही लावला नव्हता. मी त्याला आत नेलं, झाकण उघडलं आणि म्हटलं, घे वास. तो बिचारा हैदराबादचा, तक्रार वरच्या मजल्यावरच्यांची. "बाजी, मैं क्या करूँ, मेरी नौकरी है," म्हणाला. त्याची नोकरी मला घालवायची नव्हती. गाडी मी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर लावली, तीही मुद्दाम वरच्या मजल्याच्या बाल्कनीसमोर.

हिवाळा सरत आला होता. मुलीला ओळखीच्या घरी ठेवून, पहाटेची फजरची नमाज पढून आम्ही तिघं निघालो. आई मागे पलंगावर बसली, जपाची तस्बी हातात, दांड्याला धरून. शेजारचं दम्माम मागे पडलं, रियाधचा रस्ता लागला आणि वारा सुटला. उंच गाडीला वारा कसा लागतो ते लहान गाडीवाल्याला कळणार नाही. बाजूने ट्रक गेला की गाडी आधी आत ओढली जाते, मग बाहेर फेकली जाते, आणि तुम्ही स्टिअरिंग धरून दात आवळत बसता. वाळू रस्त्यावरून आडवी सरपटत होती. नवरा सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसला होता. "चालवू का मी?" त्याने विचारलं. त्याला तास झाला की झोप येते. मी स्टिअरिंग सोडलं नाही.

पहिल्यांदा आईला लागली तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ती दांडा धरून आत गेली, दार ओढलं, आणि मागून पोलिसांच्या गाडीचा भोंगा. लाउडस्पीकरवरून अरबीत, हला, इथून हला. कडेला थांबायला मनाई. मी खिडकीतून हात काढून "मामा, हमाम, मामा!" ओरडत राहिले, म्हणजे आई संडासात. त्याला काय समजायचं ते समजलं असेल. तो मागे दिवे लावून उभा राहिला आणि आमचं होईपर्यंत हलला नाही, पण आईला आतून तो भोंगाच ऐकू येत होता. ती बाहेर आली. "झाली?" मी विचारलं. "अर्धी," ती म्हणाली.

तेव्हापासून थांबायचं ते पेट्रोल स्टेशनवरच. तिथेही आमचं स्वागत नव्हतं. या देशात लोक वाळवंटात तंबू ठोकतात, चुली पेटवतात, पोराबाळांसकट मजा करतात. पण तीन इंडियन माणसं आणि एक उंच पांढरी गाडी म्हटलं की प्रत्येकाला प्रश्न पडायचा, ही काय विकतात? कारण तसल्याच उंच पांढऱ्या गाड्यांमधून इथे रस्तोरस्ती कडक चहा विकतात. रियाधच्या पुढे एका स्टेशनवर थांबलो. आई आत गेली. दोन मिनिटांत खिडकीवर टकटक. पांढऱ्या पायघोळ तोबमधला एक तरुण, दोन बोटं वर करून, "इस्नेन कडक." दोन चहा. मी म्हटलं, चहा नाही. तो म्हणाला, बरं, एकच दे. त्याच्या मागे आणखी दोघे येऊन उभे राहिले. रांग बघून चौथा आला. मी हात हलवून नाही नाही म्हणत होते आणि आत माझी आई, दोन फुटांवर, पत्र्याच्या पलीकडे, श्वास रोखून बसली होती.

मग बलदियाचा माणूस आला. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. गळ्यात कार्ड, चेहऱ्यावर कायदा. चहाचं लायसन दाखव. नवरा अरबीत सांगू लागला, पण वाद टाळणाऱ्याची अरबी फार लांबते. माणूस म्हणाला, मागचं दार उघड, चहा कुठे करता ते बघू. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दार उघडलं. आई नुकतीच बाहेर येऊन ओढणी सारखी करत होती आणि तिच्यामागे झाकण वर केलेला कमोड. मी त्याकडे बोट दाखवलं. "ये देखो हमारा किचन," मी हिंदीत म्हटलं. त्याने "अस्तगफिरुल्ला" म्हणत तोंड फिरवलं, आईला सलाम केला, माफी मागितली आणि मागच्या रांगेला हाकलत गेला. वाईट माणूस नव्हता. पण व्हायचं ते झालं होतं.

"गाडी फिरव," आई म्हणाली.

मी इंजिन चालू केलं.

"तुना सांगत्येय. फिरव. परक्या पुरुसाला कमोड दाखवलास माजा. काय राहिला आता?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मी कदाचित फिरवली असती. ती तशीच ताठ बसली होती, बसमध्येही अशीच बसली असेल, आणि ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "आई, त्याच्या घरात कमोड नाय काय? त्याची आई हवेवर जगते? फिरवणार नाय. तुला उतरायचं असेल तर उतर आणि चालत जा खोबरला." असं आईशी बोलू नये. मी बोलले. नवऱ्याने हळूच गिअरकडे बघितलं. मी गाडी पुढे काढली.

गाडीत कमोड ठेवणं सोपं, रिकामा करणं अवघड. दुपारी टाकीचा लाल दिवा लागला. आम्ही स्टेशनमागच्या हमामकडे गेलो. पुरुषांचं उघडं, बायकांच्या दाराला कुलूप. नवरा म्हणाला, मी पुरुषांच्यात नेऊन ओततो. मी म्हटलं, नाही. आज तुम्ही ओताल, उद्या दुसऱ्या बाईने कुठे जायचं? चावी दुकानात असते. दुकानातला मुलगा बांगलादेशी, मोबाइलवर मॅच बघत होता. "लेडीज बंद है," म्हणाला. का बंद? "सामान है." काचेतून वाकून पाहिलं तर आत पाण्याच्या बाटल्यांचे खोके छतापर्यंत. मी गाडीकडे गेले, टाकी ओढून काढली, दोन्ही हातांनी उचलून आणली आणि त्याच्या काउंटरवर ठेवली, च्युइंगमच्या बरण्यांशेजारी. टाकी घट्ट बंद होती, एक थेंब सांडणार नव्हता, पण हे त्याला कुठे ठाऊक.

"ठीक है," मी म्हटलं. "फिर यहीं रखते हैं."

चावी सापडली. खोके निघाले. मी टाकी ओतली, धुतली, आणि बाहेर पडले तर एका सौदी बाईने दोन लहान मुली पुढे करून माझ्यामागून आत घुसवल्या. ती किती वेळ गाडीत बसून होती देव जाणे. मुलगा खोके परत आत ठेवायला आला तेव्हा ती त्याच्यावर अशी ओरडली की मला अरबी येत असती तर मी लिहून घेतलं असतं.

टाकीत घालायचं निळं औषध मिळतं, वास दाबायला. त्याला फुलांचा भडक सुगंध. मी झाकणभर सांगितलेलं असताना अर्धी बाटली ओतत होते. कारण मला एकच भीती होती, आईला गाडीत वास आला, तर ती पुन्हा ताठ बसेल. दुसऱ्या दिवशी तायफला पोचलो. थंडी चांगलीच होती. तायफचा गुलाब जगात नावाजलेला, दुकानांत कुप्याच कुप्या. मी गुलाबाच्या अत्तराचा मोठा फवारा घेतला आणि गाडीत घुसून सगळीकडे मारला. पलंगाची गादी, उशा, पडदे, दांडा, कमोडच्या सीटवरचं कापडी आवरणसुद्धा. म्हटलं, माझी आई मक्केला जाईल तर गुलाबाच्या ताटव्यात बसून जाईल. बघू कोण संडासगाडी म्हणतं. आई पुढच्या सीटवर येऊन बसली होती, काचा खाली करून डोंगर बघत होती. तिला थोडं हसू आलं. "नवरीची गाडी केलीस," म्हणाली.

तिथून उतरून मीकात गाठली. मोठी मशीद, न्हाणीघरांच्या रांगा, पांढऱ्या कपड्यांतले हजारो लोक. मी एहराम बांधणार नव्हते. इतक्या वर्षांत माझे उमरे झाले होते, या वेळी मी ड्रायव्हर होते आणि टाकी ओतणारी होते. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, उमऱ्याची नियत नसेल तर आम्हाला तसंच मक्केत शिरायची मुभा आहे. आईने तोंड वाकडं केलं होतं, पण मान्य केलं. जावई मात्र तिच्यासोबत उमरा करणार होता, हरममध्ये तिची चाकांची खुर्ची ढकलायला. दोघं न्हाऊन आली. तो दोन पांढऱ्या चादरींत, ती स्वच्छ सुती ड्रेस आणि ओढणीत. दोन रकात नमाज पढली, नियत केली. "लब्बैक", म्हणजे हजर आहे, म्हणताना आईचा आवाज फाटला. मी बाजूला उभी राहून रडले, सांगायला लाज नाही.

मग ती गाडीच्या मागच्या दाराशी आली, एक पाय पायरीवर ठेवला आणि थबकली.

"खुसबू," ती म्हणाली.

एहरामात सुगंध चालत नाही. अत्तर नाही, साबणाचाही नाही. लहान पोराला ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. नवऱ्याला ठाऊक होतं. आणि मी सबंध गाडी तायफच्या गुलाबात भिजवून ठेवली होती. ज्या गादीवर तिला बसायचं, ज्या दांड्याला धरायचं, ज्या सीटवर... सगळं तिच्या कपड्यांना लागणार. नवरा मदतीला पुढे झाला आणि त्याने हात मागे घेतला. तोही एहरामात. त्यालाही ती उशी उचलता येणार नाही. हात लावू शकणारी एकटी मी.

आई खाली उतरून उभी राहिली. आता नियत झालेली, मागे फिरायची सोय नाही, पुढे मक्केपर्यंतचा रस्ता, आणि वाटेत लागली तर बसायला जागा नाही. मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलायला हवं होतं. ती फक्त म्हणाली, "धू."

मी धुतलं. मीकातच्या पार्किंगमध्ये, नळावरून बादल्या आणून. खोळी काढल्या, गादी उचलून उन्हात टाकली, पडदे ओढून काढले आणि कचऱ्यात घातले. राखेनं भांडं घासावं तसा दांडा नुसत्या पाण्याने घासला. निळ्या औषधाची टाकी न्हाणीघरात नेऊन ओतली आणि गुलाब न् लव्हेंडर जाईपर्यंत खळबळवत राहिले. बाजूने बसा येत होत्या, लोक वळून बघत होते. पार्किंगचा गार्ड आला. इथे गाडी धुवायला मम्नू, मनाई आहे. यल्ला, यल्ला, निघा. मी कंबर न सरळ करता म्हटलं, "एहराम, मामा, अत्तर, मम्नू." त्याने गाडीत डोकं घातलं, नाकाने वास घेतला, आईकडे पाहिलं, आणि एकही शब्द न बोलता स्वतःचा पाण्याचा पाइप ओढून आणून दिला. मी त्याच्या नावाने दुवा केली, जरी नाव माहीत नव्हतं.

सगळं झाल्यावर मी आत वाकून हुंगलं. गुलाब गेला होता. पण औषध नसलेल्या टाकीला जो यायचा तो वास आता हलका येऊ लागला होता. मी आईकडे बघायचं टाळलं. म्हटलं, "आई, आता तो... दुसरा वास येतोय जरा."

"मुताचा?" ती म्हणाली.

माझ्या आईच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ती वर चढली, उघड्या फळीवर बसली, दांडा धरला. "तो चालतो," म्हणाली. "तो माजाच हाय. चल."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. उमरा झाला. काब्याभोवतीचा तवाफ झाला, दोन टेकड्यांमधली सई झाली, जावयाने खुर्ची ढकलली, केसांची बट कापली, ती पार संध्याकाळी परत आली आणि गाडीतच आडवी होऊन झोपली. काबा कसा दिसला विचारलं तर म्हणाली, "मोठा हाय." पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, मक्केच्या वेशीवरचं.

शहरात गाड्या नेत नाहीत. बाहेरच्या मोठ्या पार्किंगला लावायची आणि पुढे बसने हरमला. आम्ही पोचलो तर दारावरच्या गार्डने आमची उंच गाडी बघून हात आडवा केला. ही इथे नाही. ट्रकच्या यार्डात जा, लांब, त्या टेकडीमागे. मी म्हटलं, बाईला उतरवते, मग जाते. नाही, आत्ता हलव, मागे रांग लागलीय. खरंच लागली होती. बसची रांग समोरच, उन्हात, बायका-पुरुष, बहुतेक म्हातारे, आपल्याकडचे, पाकिस्तानचे, बांगलादेशचे. सगळे आमच्याकडे बघत होते. गार्डने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. यल्ला. पुन्हा मारली. मी माझी ठरलेली अरबी सुरू केली, मामा, मरीद, आजारी, पाच मिनिटं.

घडीच्या दारामागून आईचा आवाज आला. खणखणीत. गावात खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना लावायची तो.

"थांब म्हणावा त्याला! मी मुतत्येय!"

त्या शब्दाला भाषांतर लागत नाही. रांगेतली अर्धी माणसं समजली. कुणीतरी हसलं. मी रांगेकडे वळून बघितलं, हसणाऱ्याला चांगलं सुनवायच्या तयारीने. पण रांगेतून एक म्हातारी बाहेर निघाली होती, काठी टेकत, पांढऱ्या चादरीत, पाकिस्तानी असावी. ती गाडीच्या पायरीशी आली. गार्डकडे तिने बघितलंच नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळू म्हणाली, "बेटी, ऊपर बैठने वाला है? मुझसे नीचे नहीं बैठा जाता."

"है," मी म्हटलं.

तिच्या मागे आणखी एक आली. मग दोघी बहिणी, एकमेकींना धरून. मग एक जाडी आजी, आपल्या नातवाला "तू वहीं रुक" म्हणत. बसच्या रांगेतून बायका एकेक करून निघाल्या आणि माझ्या गाडीला लागल्या. गार्ड हात आडवा करून उभा होता, पण आता तो कुणाला अडवणार? गाडी हलवा म्हणायला तोंड उघडलं आणि समोर उभ्या सगळ्या आज्या बघून मिटलं.

दार उघडलं, आई बाहेर आली. तिने ती रांग पाहिली. काठीवालीचा हात धरून तिला पायरीवर घेतलं, दांडा कुठे आहे तो दाखवला, झाकण कसं उघडायचं ते दाखवलं, पाण्याचा लोटा भरून आत ठेवला. मग खाली उतरून जावयाबरोबर बसकडे निघाली. बसच्या दारात थांबली आणि ड्रायव्हरकडे बोट करून मला म्हणाली, "वाटेत लागली तर ह्याला सांगीन मी. थांबव म्हणीन." एक पायरी चढली, पुन्हा वळली.

"आणि तू बाय, ह्या सगळ्यांचा झाल्याबिगर गाडी हलवू नको."

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली.